गुड टच-बॅड टच शिकवलं, आणि घरात आजोबा रुसून बसले

मोगरा_मानेवाडा | ११ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४२

लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या. चार दिवसांपासून घरात कोणी कोणाशी धड बोलून नाही राहिलं.

लेक दुसरीत, सात वर्षांची. इथे तिला चिऊ म्हणते. गुरुवारी शाळेत बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. पहिली-दुसरीच्या पोरांना हॉलमध्ये बसवून प्रोजेक्टरवर अर्धा-पाऊण तास 'गुड टच, बॅड टच' शिकवलं. चिऊ घरी आली ती पाठ करूनच. चड्डी-बनियानच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, लावला की जोरात 'नो' ओरडायचं, पळायचं, सांगायचं. मला बरं वाटलं. आपल्याला कोणी शिकवलं होतं?

शुक्रवारी संध्याकाळी ही खालून खेळून आली, पावसात निथळत. मी ऑफिसातून यायची होते. आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे ती दहा महिन्यांची असल्यापासून तिचं न्हाणंधुणं, कपडे, शाळेत सोडणं सगळं सासऱ्यांनी केलं आहे. ते टॉवेल घेऊन फ्रॉक काढायला गेले आणि ही किंचाळली, 'बॅड टच! बॅड टच!' इतक्या जोरात की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या. आजोबांनी टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि गच्चीवर निघून गेले. रात्री जेवले नाहीत. शनिवारी राखी होती, पाहुण्यांसमोर हसले तेवढंच. तेव्हापासून चिऊच्या खोलीत पाऊल नाही. सकाळी शाळेत सोडायला नवऱ्याला म्हणाले, 'तूच जा बाबा.'

नवरा म्हणतो शाळेला दुसरे धंदे नाहीत. मला तसं नाही वाटत. शिकवलं ते बरोबरच होतं, पण अर्धंच शिकवलं. उरलेलं अर्धं काय असतं आणि ते कोणी शिकवायचं, हे विचारायला धागा काढला.

तर्रीपोहे | ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? दोन दिवसांत आजोबा-नात एक होतील. आमच्या लहानपणी हे टच-बिच काही नव्हतं, आम्ही पोट्टे दिवसभर गल्लीत उंडारत होतो. काय झालं?

दोन_मुलांचा_बाप | ११ ऑगस्ट, रात्री ११:३१

@तर्रीपोहे, काय काय झालं ते कोणी सांगितलं नाही म्हणून माहीत नाही. उद्या निवांत लिहितो.

बाराखडी | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मोगरा, मी प्राथमिक शिक्षिका, एकोणीस वर्षं झाली. शाळेला निघायच्या आधी लिहून टाकते.

तुमच्या मॅडमचं चुकलं ते शब्दांत. सात वर्षांचं लेकरू शब्द जसाच्या तसा धरतं. 'कोणी हात लावायचा नाही' म्हणजे कोणीच नाही. त्यात आजोबा आले, डॉक्टर आले, ताप असताना पुसून काढणारी आईसुद्धा आली. चिऊ चुकली नाही. तिने धडा तंतोतंत म्हणून दाखवला. आधी तिला हे सांगा, कारण आजोबा आपल्यामुळे जेवले नाहीत हे तिला कळलेलं असणार. पुढच्या वेळी खरंच गरज पडली तर ती ओरडेल की आजोबांचा चेहरा आठवून गप्प बसेल? मला त्याची जास्त काळजी वाटते.

दुसरी गोष्ट. 'बॅड' म्हटलं की मुलांना वाटतं ते दुखेल. नेहमी दुखत नाही. गुदगुल्यांनी सुरू होतं, लाडानं सुरू होतं, चॉकलेट असतं. मग मूल म्हणतं, मला वाईट तर वाटलं नाही, म्हणजे हा बॅड टच नसेल. म्हणून मी वर्गात ते दोन शब्द वापरणं सोडून दिलं. मी 'कशासाठी?' विचारायला शिकवते. त्या जागांना मोठं माणूस तीनच गोष्टींसाठी हात लावू शकतं: स्वच्छ करायला, दुखलं-खुपलं तर औषध लावायला, नाहीतर डॉक्टरांनी तपासायला, तेही आई-बाबा समोर असताना. आणि तिन्हींत लपवाछपवी नसते. ज्या गोष्टीत 'कोणाला सांगू नको' येतं, ती घरी येऊन आधी सांगायची.

आता शब्दांचं खरं दुखणं. मी एकदा वर्गात खाकी कागद अंथरला, एका पोराला त्यावर झोपवून खडूने आकार काढला आणि सांगितलं, अवयवांची नावं लिहा. डोकं, खांदा, कोपर, गुडघा, घोटा, एकाने तर तळहातावरच्या रेषासुद्धा काढल्या. कंबरेखाली कागद कोरा. मी विचारलं, इथे काय? सगळे खीखी करायला लागले. मागून आवाज आला, 'शेम-शेम, मॅडम.'

आपण दोन वर्षांच्या लेकराला अवयवाचं नाव म्हणून 'शेम-शेम' शिकवतो. मग सात वर्षांनी त्याने त्याबद्दल मोकळेपणी बोलावं अशी अपेक्षा करतो. मराठीत पंचाईतही आहे. एका बाजूला लिंग, योनी हे पुस्तकी शब्द, दुसऱ्या बाजूला शिव्या, आणि मध्ये रोजच्या वापराचं काहीच नाही. मी 'शूची जागा', 'शीची जागा', 'छाती' वापरते आणि पुस्तकी नावं एकदा फळ्यावर लिहिते. हसून घेतात, मग संपतं.

माझ्या मैत्रिणीच्या वर्गातली गोष्ट सांगते. पहिलीतला मुलगा तिला म्हणाला, 'टीचर, त्या दादाने माझी चिमणी पकडली.' ती वह्या तपासत होती. म्हणाली, 'सोड म्हणावं तिला, उडून जाईल.' तो जाऊन बसला. त्याच्या घरी त्या अवयवाला चिमणी म्हणायचे, हे तिला तीन आठवड्यांनी कळलं. त्याने सांगितलं होतं. तिला ऐकू आलं नाही.

घंटा होईल, पळते.

संत्रीमंत्री | १२ ऑगस्ट, सकाळी ९:१५

चिमणीवाला परिच्छेद वाचून चहा तसाच राहिला. आमच्याकडे 'नुनू' म्हणतात. आज रात्रीच मुलाशी बोलते.

जुना_नागपूरकर | १२ ऑगस्ट, दुपारी १:२०

मी आजोबा आहे, वय ६८. महालातला वाडा विकून आता मुलाकडे बेसा रोडला राहतो. सगळे चिऊबद्दल लिहीत आहेत, त्या गृहस्थांच्या मनाचंही कोणीतरी लिहावं म्हणून लिहितो.

नातवाला अंगाखांद्यावर खेळवणं एवढंच आमच्या हाती उरलं आहे. त्यातही आता गुन्हेगारासारखं वाटावं? पार्कात दुसऱ्याचं पोर पडलं तर उचलायला हात पुढे करावा की नाही, हा प्रश्न मला खरोखर पडतो. परवा एका लहान मुलीची चप्पल नाल्यात गेली, रडत होती. मी लांबूनच तिच्या आईला हाक मारत राहिलो.

शिकवू नका असं माझं म्हणणं नाही. पण घरात शिकवायच्या आधी म्हाताऱ्यांना एका शब्दाने सांगा तरी. नातीच्या शाळेत काय झालं ते त्या माणसाला जिन्यातल्या काकूंसमोर कळलं.

मोगरा_मानेवाडा | १२ ऑगस्ट, दुपारी २:०२

काका, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे. गुरुवारी रात्री चिऊने मला सगळं म्हणून दाखवलं तेव्हा ते शेजारच्या खोलीत बातम्या पाहत होते. मी त्यांना काही बोलले नाही. लाज वाटली म्हणा.

वकील_सिव्हिललाइन्स | १२ ऑगस्ट, सायं. ७:४०

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण पालकसभेत अर्धवट माहितीच जास्त फिरते.

पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. अठरा वर्षांखालची सगळी मुलं, मुलगे आणि मुली दोन्ही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची भीती असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. यात 'आधी शाळेत अंतर्गत चौकशी करू' याला जागा नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

लोक घाबरतात ते पोलीस स्टेशनला. म्हणून कलम २४ वाचा: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय नोंदवायचा. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो माध्यमांत देता येत नाही. आणि आपल्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे काही माजघर नव्हे, हे मी माझ्या अशिलांना दरवेळी सांगतो.

नागपूरकरांना आठवत असेल, जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने 'कपड्यावरून स्पर्श झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही' असा निकाल दिला होता. प्रकरणही नागपूरचंच, बारा वर्षांच्या मुलीचं. सर्वोच्च न्यायालयाने तो १८ नोव्हेंबर २०२१ ला रद्द केला आणि महत्त्व लैंगिक हेतूला आहे असं सांगितलं. बाराखडीताई वर्गात 'कशासाठी?' विचारायला शिकवतात. सर्वोच्च न्यायालयाने वेगळं काय विचारलं?

तर्रीपोहे | १२ ऑगस्ट, रात्री ८:१०

वकीलसाहेब, एक नंबर. वरचं माझं पहिलं पोस्ट उडवता येते का?

वकील_सिव्हिललाइन्स | १२ ऑगस्ट, रात्री ८:१४

राहू द्या. पुरावा आहे तो.

दोन_मुलांचा_बाप | १२ ऑगस्ट, रात्री ११:५०

काल म्हटलं होतं लिहीन. तीन वेळा लिहून खोडलं.

सगळीकडे मुलींबद्दल बोललं जातं. मला दोन्ही मुलगे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा बालशोषणाचा अभ्यास आहे, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्या सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून जास्त होते. बहुतेकांनी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी त्या 'कोणालाच'मधला. नऊ वर्षांचा होतो, मे महिना. तेव्हा कूलर एकच आणि माणसं पंधरा, म्हणून सगळे गच्चीवर झोपायचे. पाणी शिंपडलेली गच्ची, गाद्यांची रांग, कोपऱ्यात माठ. घरच्यांचा विश्वासातला एक माणूस पाहुणा होता. तो रोज माझी गादी शेजारी ओढून घ्यायचा. आई म्हणायची, किती जीव लावतात ना. मी चौथ्या दिवसापासून 'मला खालीच झोपायचं' म्हणून हट्ट धरला. ४४ डिग्रीत खाली कोण झोपतं? मार खाल्ला. पण खालीच झोपलो.

मी ओरडलो नाही, पळालो नाही, सांगितलं नाही. फक्त हट्टी झालो. तो हट्ट म्हणजे सांगणंच होतं, हे मला चौतिसाव्या वर्षी बायकोशी बोलताना कळलं.

आता माझ्या पोरांना एकच सूट आहे. एखाद्या माणसाकडे जायला, एखाद्या क्लासला, कुठल्या गाडीत बसायला ते नाही म्हणाले तर त्या दिवशी कारण विचारत नाही. आधी थांबवतो. कारण नंतर, वरणभात खाताना, आपोआप येतं. नव्वद टक्के वेळा होमवर्क केलेला नसतो एवढंच. चालतं.

संत्रीमंत्री | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०२

दादा, लिहिल्याबद्दल आभार. बाकी काही सुचत नाही.

बाराखडी | १३ ऑगस्ट, सायं. ५:३०

गच्चीवरचं वाचलं. दिवसभर वर्गातल्या हट्टी पोरांकडे वेगळ्या नजरेनं पाहून राहिले.

तुमचं वाचून एक सुचलं, ते मोठ्यांसाठी. मूल सांगायला आलं तर पहिली दोन मिनिटं आपलं तोंड सांभाळायचं. 'तू गेलीस कशाला?', 'आधी का नाही सांगितलं?', 'तो असं करूच शकत नाही', ही तीन वाक्यं निघाली की दार बंद. 'बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही' एवढं पुरे. नाव आपण सुचवायचं नाही, पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, मावशीसमोर परत सांग म्हणायचं नाही. नुकतंच घडलेलं असेल तर कपडे धुवायला टाकू नका, कागदात गुंडाळून ठेवा आणि सरळ दवाखाना, पोलीस. कुठून सुरुवात करायची कळलं नाही तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. तो नंबर मी 'दहा, नऊ, आठ' असा उलटा पाढा म्हणून पाठ करून घेते.

मोगरा, आजोबांना रुसवा काढायला सांगू नका, काम द्या. हाताच्या पाच बोटांवर विश्वासाची पाच माणसं, हा खेळ चिऊकडून करून घ्या. नावं तिने ठरवायची, आपण नाही. आणि सात वर्षांच्या पोरीचा फ्रॉक तिला स्वतःला बदलू द्या हो! आजोबांनी दाराबाहेरून टॉवेल द्यावा. मदत लागली तर त्यांनी विचारावं, 'बटण काढून देऊ का?' मोठं माणूस आपल्याला विचारून हात लावतं, हे जिने रोज पाहिलं, तिला न विचारणारा लगेच खटकेल. ते प्रोजेक्टरवर शिकवता येत नाही.

पाटोडीवाली | १३ ऑगस्ट, रात्री ९:२०

आणि कृपा करून 'दे बरं काकाला एक पापी' बंद करा. लग्नात, बारशात, दिवाळीत. पोर मागे सरतं, आपण ढकलतो, 'लाजते बाप्पा ती.' एकीकडे शरीर तुझं आहे म्हणायचं, दुसरीकडे पाहुणा आला की वाटायला काढायचं.

दुसरं, 'मम्मीला सांगू नको'. माझ्या आईने नातवाला रोज बर्फगोळा खाऊ घालायचा आणि हे म्हणायचं. प्रेमच, पण गुपित ठेवायची प्रॅक्टिस घरातच होऊन राहिली ना? आता आमच्याकडे 'गंमत' चालते, 'गुपित' नाही. गंमत म्हणजे जी नंतर सगळ्यांना कळणार असते, वाढदिवसाच्या केकसारखी.

व्हॅनची_वाट | १४ ऑगस्ट, सकाळी ११:१०

व्हॅन आणि ऑटोचं काय? शाळेच्या बससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत, शाळेत परिवहन समिती पाहिजे, बसमध्ये मदतनीस पाहिजे, मुली असतील तर बाई पाहिजे. आमच्या ऑटोत काका आणि नऊ पोरं. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळोशाळी मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री समिती' करायची होती, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झाल्यावर त्याची आणि कॅमेऱ्यांची पुन्हा आठवण झाली. आमच्या शाळेत समितीचा बोर्ड छान रंगवला आहे. त्यावर नाव असलेल्या दोन पालकांची मुलं शाळा सोडून गेली. तक्रारपेटीला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे ते शिपाईदादाला माहीत नाही. मी आता दर पालकसभेत किल्लीच विचारतो. मला तिथे किल्लीवाले म्हणतात.

पाटोडीवाली | १४ ऑगस्ट, दुपारी १२:४५

अनोळखी माणसाची भीती घालण्यात आपला सगळा वेळ जातो. सप्टेंबर २०१४ मधलं नागपूरचं अपहरण इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. आठ वर्षांचा मुलगा शाळेतून घरापाशी उतरला आणि इमारतीसमोरून गेला तो ओळखीच्या माणसाबरोबर, वडिलांच्या दवाखान्यात आधी काम केलेल्या. परत आला नाही. तेव्हा माझा मोठा मुलगा पोटात होता. तेव्हाच ठरवलं होतं, कोडवर्ड ठेवायचा. घ्यायला कोणीही आलं, अगदी मामा असला तरी, शब्द सांगितल्याशिवाय जायचं नाही.

आमचा शब्द होता 'सांबारवडी'. महिनाभर छान चाललं. एक दिवस व्हॅनवाले काका खालून हाक मारून राहिले, 'ओ सांबारवडी, लवकर ये, उशीर होऊन राहिला!' पठ्ठ्याने अख्ख्या व्हॅनला सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून वापरला किंवा फुटला की शब्द बदलतो.

जुना_नागपूरकर | १४ ऑगस्ट, दुपारी ४:००

हसलो. बाराखडीबाईंचा विचारून हात लावायचा मुद्दा पटला. काल नातवाला विचारलं, 'डोक्याला तेल लावू का रे?' म्हणाला, 'नको.' साठ वर्षांत मला कोणी नको म्हणू दिलं नव्हतं. जरा लागलं, पण बाटली ठेवून दिली. रात्री स्वतःच घेऊन आला.

मोगरा_मानेवाडा | २४ ऑगस्ट, रात्री ९:३५

दहा दिवसांनी येते आहे, सांगायला बरंच आहे.

काकांचं पोस्ट मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. 'तो तेलाचं काय म्हणतो, परत वाच' एवढंच. मग मी चिऊला घेऊन बसले, 'कशासाठी'चं सांगितलं, पाच बोटांचा खेळ केला. तिने अंगठ्यावर आजोबांना ठेवलं. करंगळीवर शाळेतल्या आया. बाबा मधल्या बोटावर, मी चौथी. आजोबा पेपर वाचायचं नाटक करत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

काल तान्हा पोळा झाला, आपल्याकडचा पोरांचा लाकडी बैलांचा सण. आजोबांनी तिच्या लाकडी बैलाची चाकं आदल्या दिवशी घासून-पुसून तेल घातलं, शिंगांना सोनेरी कागद. लेआउटमधल्या चार पोरी मिळून बोजारा, म्हणजे बैल दाखवून घरोघरी मिळणारे पैसे, मागायला निघाल्या. यंदा नियम: दारातच थांबायचं, घरात जायचं नाही, चौघी एकत्रच. आजोबा गेटागेटाशी उभे.

तिसऱ्या का चौथ्या घरी एक काका, चांगले आहेत, आमच्या रोजच्या येण्याजाण्यातले, दहाची नोट वर धरून म्हणाले, 'आधी पापी दे, मग बोजारा.' चिऊ बैलाची दोरी धरून उभीच. वळून आजोबांकडे पाहिलं. मी मागून चालत होते, मला वाटलं आता हे हसून म्हणतील, दे बेटा. गेली सात वर्षं तेच म्हणत आले आहेत.

म्हणाले, 'तिला विचारा.'

काकांनी विचारलं. ती म्हणाली, 'नमस्कार करते.' केला. नोट मिळाली. काका जरा ओशाळले, मग त्यांनीच बैलाची शिंगं कौतुकाने पाहिली. एकूण बोजारा १६५ रुपये, त्यातले वीस आजोबांना 'गेटवर उभं राहायचे'.

आज सकाळी शाळेत सोडायचं कोणी, हा प्रश्न नव्हता, रविवार आहे. पण उद्याची स्कूटर त्यांनी पुसून ठेवली आहे.

तर्रीपोहे | २४ ऑगस्ट, रात्री ९:५०

वा ताई! मी पण पोट्ट्यासोबत बसलो होतो परवा. पाच बोटांत माझं नाव नव्हतंच. कुत्र्याचं होतं. काम करून राहिलो त्याच्यावर. बाकी तुम्ही कोडवर्ड काय ठेवला?

मोगरा_मानेवाडा | २४ ऑगस्ट, रात्री ९:५२

इथे लिहू?